सासूबाई सिरियस आहेत

मिळालेली नोकरी सोडावी लागली त्याचा राग मला तेव्हाही नव्हता, आजही नाही. राग आहे तो त्या मेलच्या दुसऱ्या ओळीचा, आणि ती ओळ वाचूनसुद्धा मेल पाठवणाऱ्या माझ्या स्वतःच्या बोटाचा.

मी तुर्भ्याच्या एका मसाल्याच्या कंपनीत केमिस्ट आहे. मिरचीत वरून रंग घातलाय का, हळदीत ओल किती, धण्याच्या पावडरीत भुसा किती, हे तपासायचं आणि कागदावर सही करायची. खोटं पकडायचा पगार मिळतो मला. संध्याकाळी कोपरखैरण्याला घरी आले की मुलगी दोन हात लांब उभी राहते, कारण माझ्या ओढणीतून तिखट उडतं आणि तिला शिंका येतात.

महाप्याला खाद्यपदार्थ तपासणारी नवी लॅब सुरू होणार होती. तिथल्या प्रमुख मॅडमनी इंटरव्ह्यूला कागद बाजूला ठेवले, तीन वाट्यांत हळद माझ्यापुढे मांडली आणि म्हणाल्या, "मशीन नाही असं समजा. कुठल्या वाटीवर संशय घ्याल?" मी वास घेतला, चिमूट चोळून पाहिली आणि मधली वाटी पुढे सरकवली. त्या हसल्या. अख्खा सेक्शन माझ्या हाताखाली देणार होत्या. इतक्या वर्षांत मला कोणी असं काही दिलं नव्हतं.

निघताना म्हणाल्या, "एकच विचारते. येते म्हणालात तर याल ना? आधीच्या दोघी आयत्या वेळी नाही म्हणाल्या. ऑडिट तोंडावर आहे माझं."

"येणार," मी म्हणाले.

नुसतं तोंडाने म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी तुर्भ्याला राजीनामा दिला. नवऱ्याने पेढे आणले आणि मला न विचारता सोसायटीच्या ग्रुपवर टाकून दिलं, बायको आता सेक्शन हेड. दिवसभर अंगठे आणि फुलांचे गुच्छ येत होते. त्याला ते फार आवडतं.

नव्या नोकरीवर हजर व्हायला अडीच आठवडे राहिले होते तेव्हा एका बुधवारी नवरा दुपारीच घरी आला. ऐरोलीच्या त्याच्या ऑफिसात सकाळी सहा जणांना एका खोलीत बोलावलं, गोड बोलून कागदावर सह्या घेतल्या आणि गळ्यातलं कार्ड काढून घेतलं. तो सोफ्यावर बसून होता आणि हात सारखा गळ्याकडे नेत होता.

मला आधी त्याच्या छातीची आठवण झाली. दोन वर्षांपूर्वी त्याला स्टेंट घातलाय. तो सगळा खर्च त्याच्या ऑफिसच्या मेडिक्लेमवर निघाला होता. आता तो मेडिक्लेम गेला. नवी पॉलिसी घ्यायला गेलो तर स्टेंट म्हटल्यावर एजंट घसा खाकरायला लागला. माझ्या तुर्भ्याच्या कंपनीत सगळ्या कुटुंबाला मेडिक्लेम आहे. नव्या लॅबचा सुरू होणार होता कायम झाल्यावर, म्हणजे सहा महिन्यांनी. सहा महिने त्याच्या छातीवर जुगार कोण खेळणार? दोन दिवस मी भांडी आपटली आणि तिसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन राजीनामा मागे घेतला. "लग्न मोडलं वाटतं," साहेब म्हणाले आणि कागद परत दिला. मी हसले. ते माझं मी ठरवलं होतं, त्यात कोणाचा दोष नाही.

उरलं मॅडमना सांगणं. मी फोन हातात घेतला तर नवऱ्याने विचारलं, "काय सांगणार?"

"जे आहे ते."

"म्हणजे माझं?"

"मग कोणाचं?"

"माझी नोकरी गेली असं जगाला सांगत सुटणार तू?"

"जगाला नाही. एका बाईला."

"नवी मुंबई केवढीशी आहे? आज तिला सांगशील, उद्या बिल्डिंगला कळेल."

बिल्डिंगसाठी त्याने वर्क फ्रॉम होम सुरू केलं होतं. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कानाला हेडफोन लावून लॅपटॉपपुढे बसायचा. शेजारच्या काकू काही मागायला आल्या की त्यांना हाताने थांबा म्हणायचा आणि स्क्रीनकडे बघून मान हलवायचा. स्क्रीनवर कोणी नसायचं. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. तिथेच चुकले.

मेल त्यानेच लिहिला. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. पहिल्या ओळीत आभार. दुसऱ्या ओळीत सासूबाई अचानक गंभीर आजारी पडल्यामुळे रुजू होता येत नाही, क्षमस्व. "आजारपण म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही," तो म्हणाला.

आपल्याकडे आजारपण म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही, हे खरं आहे. पण लोक भेटायला येतात. हे तो विसरला, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या आजारपणात सफरचंदं घेऊन जाणारी मी, मीही विसरले.

मॅडमचा त्याच दिवशी फोन आला. आवाजात काळजी होती. कुठल्या हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, डॉक्टर काय म्हणतात. मी म्हणाले, घरीच आहेत. त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वतःला जपा." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. सासूबाई खाली बसून भाकरी थापत होत्या. चांगल्या ठणठणीत. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. स्वतःच्या पोराने त्यांना अंथरुणाला खिळवलंय आणि सुनेने त्यावर सही केलीय, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या करावे गावच्या. रविवारी सकाळी माहेरी जातात आणि भावाने खाडीतून आणलेली मासळी घेऊन दुपारच्या आत परत येतात. त्या रविवारी बोय आणली होती. बाल्कनीत बसून खवले काढत होत्या, तेवढ्यात गेटवरून वॉचमनचा फोन आला. सीवूड्सहून कोणी मॅडम आल्यात, आजी सिरियस आहेत म्हणून भेटायला.

नवरा उठला. बाल्कनीत जाऊन म्हणाला, "आई, जरा आत जाऊन पड."

"कनाला?"

"पड म्हणतोय ना. बरं नाहीये असं सांग."

"कोनाला बरा नाय?"

"तुला."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. तेवढ्यात बेल वाजली.

मॅडम दोन शहाळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन आल्या होत्या. नवऱ्याने खुर्ची पुढे केली आणि हळू आवाजात म्हणाला, "आत्ताच डोळा लागलाय आईचा." इतकं साफ खोटं त्याला कसं जमलं मला अजून कळत नाही. मी पाणी आणायला वळले, तर सासूबाई बाल्कनीतून थेट हॉलमध्ये आल्या. कोपरापर्यंत खवले, हातात सुरी.

"कोन आयलाय गो?"

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "आजी? तुमची तब्येत..."

"मना काय धाड भरली? कोनी सांगला तुमाला?"

मॅडमनी खवल्यांकडे पाहिलं, मग इस्त्रीच्या शर्टातल्या नवऱ्याकडे. शेवटी माझ्याकडे. तीन वाट्यांमधली मधली वाटी मी होते. आता तरी सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. नवरा माझ्याकडे बघत होता आणि त्याचा हात गळ्याकडे गेला होता. मी तोंड मिटलं.

मॅडम बसल्या नाहीत. मी त्यांच्याबरोबर लिफ्टपर्यंत गेले. लिफ्ट वर येईपर्यंत त्या आकड्यांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही नुसतं नाही म्हणाला असतात ना, तरी चाललं असतं. लोक नाही म्हणतात. पण आजारपण म्हणालात म्हणून मी दुसऱ्या मुलीला बोलावलं नाही. म्हटलं, आजी बऱ्या झाल्या तर तुम्ही याल. महिनाभर थांबते, एवढंच सांगायला आले होते."

मी सॉरी म्हणाले. सॉरी. सोळा वर्षं मी मिरचीच्या पोत्यांवर नापासाचा शिक्का मारतेय आणि या बाईला द्यायला माझ्याकडे एवढा एकच शब्द निघाला. लिफ्टचं दार बंद झालं.

घरात आले तर नवरा म्हणाला, "आई मध्येच कशाला आली?" त्या क्षणी मला त्या माणसाचा इतका राग आला, की शहाळी उचलून मी मोरीत ठेवली, नाहीतर कुठे फेकली असती सांगता येत नाही. त्याची नोकरी गेली ही त्याची चूक नव्हती. त्याची छाती ही त्याची चूक नव्हती. पण माझा शब्द माझा होता. तो त्याने स्वतःची अब्रू झाकायला वापरला, आणि मी वापरू दिला. त्याची अब्रू झाकली गेली, माझी सीवूड्सला जाऊन पोहोचली.

सासूबाईंनी खवले गोळा केले. मासे धुतले, आमटी केली, जेवताना मला वाढलं, पोराला म्हणाल्या, "तुझा तू घे."

संध्याकाळी आम्ही तिघं खाली उतरत होतो. चौथ्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी काका लिफ्टमध्ये शिरले. वॉचमनने आपलं काम चोख केलं होतं. काका सासूबाईंकडे वाकून म्हणाले, "काय आजी, सिरियस होता म्हणे? आता बरं वाटतंय ना?"

नवरा लगबगीने म्हणाला, "हो, आता बरीच..."

"त्यांना काही झालेलं नाही," मी म्हणाले. "याची नोकरी गेलीय. दहा-बारा दिवस झाले. तो वर्क फ्रॉम होम करत नाही, नुसता बसतो. म्हणून मी माझी नवी नोकरी सोडली, आणि लाज वाटली म्हणून आईंना आजारी पाडलं. ग्रुपवर टाकायचं असेल तर टाका."

माझा आवाज फार मोठा झाला असावा, कारण काका मागे सरकून आरशाला टेकले. नवरा दाराकडे तोंड करून उभा होता. खाली दार उघडल्यावर तो गेटबाहेर निघून गेला. मला बरं वाटत होतं. छातीवरचं पोतं कोणीतरी उतरवल्यासारखं मोकळं वाटत होतं, आणि आपण केवढं धाडस केलं असंही वाटत होतं.

सासूबाईंनी पायरी उतरायला माझा हात धरला. त्यांच्या बोटांना अजून बोयीचा वास होता.

"आता बोललीस," त्या म्हणाल्या, "ता त्या बायला बोलाचा व्हता."