पळवाट

सिगारेट सोडली, असं मी ताईला जितक्या वेळा सांगितलं, तितक्या वेळा ते खरंच होतं. सगळा घोटाळा तिथेच आहे.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लहानपणी कोकणात मला शाळेत पोचवायचं काम तिच्याकडे होतं. आम्हाला रोज उशीर व्हायचा, म्हणून आम्ही रोज पळायचो. माझा हात धरून ती पुढे आणि मी फरफटत मागे. "दम धर, आलीच शाळा," असं ती शाळा दिसायच्या कितीतरी आधीपासून सांगायची. चिंचा कोणी खाल्ल्या असं आईने विचारलं, की मी खुशाल "ताईच्या गळ्याशपथ, मी नाही" म्हणून मोकळा व्हायचो. मग संध्याकाळी भीती वाटायची. खोट्या शपथेने ताईला काही झालं तर? मी तिच्या मागे लागायचो, "ताई, सुटली म्हण ना." ती हसून "सुटली" म्हणायची, की शपथ सुटायची, आणि तेव्हा कुठे मला जेवण जायचं.

दोन वर्षांपूर्वी ती आमच्याकडे दुबईला आली होती. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट नेमकी तेव्हाच बंद पडली. पन्नाशी उलटलेली ताई सामानाची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचलीसुद्धा, आणि मी दुसऱ्यावर कठडा धरून धापा टाकत होतो. ती उलट खाली आली. माझा हात उचलून तिने स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

"म्हण, आजपासून सिगारेटला हात लावणार नाही."

मी म्हणालो. चव्वेचाळीस वर्षांचा इंजिनियर जिन्यात उभा राहून गळ्याशपथ घेत होता आणि मागून एक शेजारी "एक्सक्यूज मी सर" करत वाट मागत होता.

पंधरा दिवस मी घरादाराला नकोसं करून सोडलं. मग ऑफिसातल्या हैदराबादच्या मित्राने त्याचं व्हेप, निकोटीनची वाफ सोडणारं पेनाएवढं यंत्र, माझ्या हातात ठेवलं. "हबीबी, ये सिगारेट थोडी है, भाप है भाप. टेन्शन खलास." मी ओढून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं घेतलं, आंब्याच्या चवीचं. हापूसच्या मुलखातला माणूस आंब्याची वाफ विकत घेऊन ओढत होता. शपथ सिगारेटची होती, हिला कोण सिगारेट म्हणेल? बायकोने एकदाच बघितलं आणि म्हणाली, "लोक पळायला ट्रॅक शोधतात. तुम्ही पळवाट शोधलीत."

पळायला तर मी लागलोच होतो. सकाळी पाचला, ऊन यायच्या आत, बिल्डिंगांच्या मधल्या रस्त्याने. पहिल्या दिवशी खजुराची चार झाडं मागे टाकली आणि बसलो. तीन महिन्यांत एक किलोमीटर न थांबता, मग दोन, मग तीन. सकाळचा खोकला गेला. कपड्यांचा वास गेला. दर शुक्रवारी मी ताईला आकडा सांगायचो आणि ती तो लगेच माझ्या भाचीला ओरडून सांगायची. "बघ, सिगारेट सोडल्यावर छाती कशी मोकळी होते!" मी नुसतं हूं म्हणायचो.

चार किलोमीटरवर मात्र गाडी अडली. पाय पळायला तयार असायचे, पण छाती धडधडायची, घसा कोरडा पडायचा. होणारच, घरी परतल्यावर पार्किंगमध्ये उभं राहून मी आधी व्हेप ओढायचो आणि मग पाणी प्यायचो. "ताईंना सांगा तरी," बायको म्हणायची. मी म्हणायचो, पाच झाले की सांगतो.

पाच झाले त्या सकाळी भाचीचा व्हिडिओ कॉल आला. आठवडाभर ताईला ताप होता, न्यूमोनिया झाला होता, हे मला माहीत होतं. मी दुपारच्या विमानाचं तिकीटही काढलं होतं. पण ऑक्सिजनच्या मास्कमागचा तो चेहरा बघायची माझी तयारी नव्हती. मी घामाने निथळत होतो, श्वास लागला होता. ताईने मास्क थोडा बाजूला केला.

"पळत होतास?"

"हो."

"किती?"

"पाच."

तिचे डोळे हसले. मला एकदम चिंचा आठवल्या, ती खोटी शपथ आठवली. सगळं सांगायचं होतं, पण तिला ऐकायचा दम नव्हता आणि मला सांगायचा. तोंडातून एवढंच निघालं, "ताई, सुटली म्हण ना."

"सुटली ना रे," ती म्हणाली. "कधीच सुटली. पाच किलोमीटर उगाच पळतो का कोण?"

तिला वाटलं, मी सिगारेटचं विचारतोय. भाचीने मास्क परत बसवला. मी मूर्खासारखा हात हलवत राहिलो.

भारतात व्हेप न्यायला बंदी आहे, म्हणून खिशातलं ते यंत्र मी दुबईच्या विमानतळावर कचऱ्यात टाकलं. म्हणजे तेही मी सोडलं नाही, कायद्याने सोडवलं. ताईच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. ताई गेली होती.

न्यूमोनिया शपथेने होत नाही, हे मला कळतं. बायकोनेही हजारदा सांगितलं. पण तेराव्याला भाची माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मामा, आई सगळ्यांना सांगायची. माझ्या भावाने माझ्या गळ्याची शपथ पाळली, म्हणून मी अशी ठणठणीत आहे." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर मी व्हेप घेतलं नाही. चार महिने झाले. परवा सहा किलोमीटर पळालो आणि छाती धडधडली नाही. पार्किंगमध्ये थांबलो, पाणी प्यायलो. आता खरंच सुटली आहे, ताई. शपथेचं मात्र कोणाला विचारू?