अप्पांच्या डाव्या हातात

आमच्या बिदरकडच्या हुलसूर भागात मुलगी पुण्याला शिकायला निघाली तरी आईला चक्कर येते. हैद्राबाद चालतं, कारण सोयरिकीला आणि दवाखान्याला आमची माणसं तिथं जातच असतात. मी तर इंग्लंडला निघाले होते, भूजलशास्त्रात मास्टर्स करायला, आणि माझी आई एकदाही नको म्हणाली नाही. आत्यांनी तोंडात बोटं घातली. नवरा जाऊन वर्ष उलटलेलं, पोटी एकच मुलगी, आणि ही बाई शेंगा फोडत खुशाल म्हणते, "भर की फारम. भरायला काय जातंय?"

मला तिचा फार अभिमान वाटला. मैत्रिणींना मी सांगत सुटले, आई असावी तर अशी. तिचा शांतपणा म्हणजे धीर, असं मी धरून चालले होते. आपल्याला सोयीचं असलं की माणूस फार विचारत बसत नाही, आणि मला ते फारच सोयीचं होतं.

अप्पा गेले त्याबद्दल आधी सांगायला हवं. आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंग असतं, जांभळाएवढं, काळ्या लेपाचं, गुळगुळीत. तान्हेपणी बांधतात ते शेवटपर्यंत. आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचं, ही रोजची पूजा. माणूस गेलं की आम्ही त्याला जाळत नाही आणि आडवंही करत नाही. बसवतो. मांडी घालून, पाठ टेकवून, कपाळाला विभूती लावून घराच्या पुढच्या सोप्यात बसवतात आणि येणारे-जाणारे शरणार्थ म्हणत पाया पडतात. मग तसंच बसलेलं शेतात नेऊन खड्ड्यात बसवतात, आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातात देतात. वरून विभूती, बेलपत्री, मग माती.

अप्पा छातीत कळ येऊन गेले. तो दिवस मला सलग आठवत नाही. एवढं आठवतं, की ते सोप्यात बसलेले असताना आई माझ्याजवळ आली आणि माझ्या गळ्यातलं लिंग काढून घेत म्हणाली, "दोरा घामट झालाय. बदलून देते." त्या वेळी दोऱ्याचं काय सुचलं हिला, असं मनात आलं. पण दुःखात बायका काहीही करतात, कुणी भांडी घासत बसतात. संध्याकाळी तिनं नव्या दोऱ्यात ओवून ते परत माझ्या गळ्यात घातलं.

पुढच्या वर्षी बिदरला इंजिनियरिंग संपलं आणि मी अर्जांना लागले. आपण तिथंच का शिकू इच्छितो, याची दोन पानी कहाणी लिहायची असते. आमच्याकडे असं स्वतःचं कौतुक स्वतः करण्याला फुशारक्या मारणं म्हणतात, तिकडे ते लिहिल्याशिवाय आत घेत नाहीत. लिहायला बसले की माझा डावा हात गार पडायचा. मुंग्या नव्हेत, दुखणं नव्हे. तळहाताच्या मध्ये एक वाटोळी जागा गार, रांजणाखालच्या मातीसारखी. डॉक्टर म्हणाले मानेची नस दबली असेल, उशी बदला. उशी बदलली.

दोन ठिकाणांहून नकार आले. आईला सांगितलं तर म्हणाली, "असू दे," आणि माझ्या ताटात तूप वाढलं. त्या दिवशी ती जरा जास्तच वाढत होती.

तिसऱ्या ठिकाणी मुलाखत होती, कॉम्प्युटरवर. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी आमच्या भागातल्या विहिरींबद्दल विचारलं, मी सांगत गेले, छान चाललं होतं. मध्येच त्या थांबल्या आणि म्हणाल्या, तुमच्या हाताला काही लागलंय का? मी पडद्याच्या कोपऱ्यातल्या माझ्याच चौकटीकडे पाहिलं. माझा डावा हात छातीजवळ आला होता. तळवा वर, बोटं किंचित मिटलेली, वाटीसारखा. मी तो तिथं नेला नव्हता. खाली घेते म्हटलं तर क्षणभर तो आलाच नाही. काही नाही, सवय आहे, असं मी म्हणाले, आणि उजव्या हातानं तो खाली घेतला.

प्रवेश मिळाला. आईला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. "बरं झालं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, आपल्याशीच बोलल्यासारखं, "मिळालं म्हंजे काय गेलीस असं हाय का."

व्हिसाच्या आधी छातीचा एक्स-रे लागतो, क्षय नाही ना हे बघायला, आणि तो ठरलेल्या दवाखान्यातच काढावा लागतो. आमच्यासाठी तो हैद्राबादला. मेमध्ये आम्ही दोघी गेलो. मशीनवरच्या बाईनं सांगितल्याप्रमाणे मी लिंग काढून आईच्या हातात दिलं. तिनं ते पदरात गुंडाळलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. एक्स-रे झाला. बाई पडद्याकडे बघून म्हणाली, "अम्मा, गले में कुछ है क्या? निकाल के आओ ना."

"सब निकाल्या," मी म्हणाले.

तिनं स्वतः येऊन माझा गळा, पाठ चाचपून पाहिली. परत काढला. परत तेच. डाव्या बाजूला, लिंग जिथं टेकतं नेमकं तिथं, एक गोल पांढरा डाग. कडा अगदी स्वच्छ. डॉक्टर समजूतदार होते. लहानपणी कधी संसर्ग होऊन बरा झाला असेल, त्याचा वण असू शकतो, म्हणाले. पण नियम म्हणजे नियम. सलग तीन सकाळी थुंकीचे नमुने द्यायचे, ते वाढवून बघणार, त्याला दोन महिने. तोवर काही नाही. कॉलेज सप्टेंबरात सुरू होणार होतं. डागात काही निघालं असतं तर ते वर्ष बुडालं असतं, आणि पुढच्या वर्षी जागा ठेवायला कुणी तयार नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी झहीराबादेपर्यंत रडले. आईनं माझं डोकं मांडीवर घेतलं. तिचा हात माझ्या केसांतून फिरत होता, आणि मला जाणवलं की ती गुणगुणते आहे. अप्पा गेल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर मी पूजा धरली. कॉलेजात असताना सुटलेली होती, आता भीतीनं धरली. देवाला हे चालतं असं मानते मी, आपल्याकडे बहुतेकांचा भक्तिमार्ग तोच आहे. पहिल्याच सकाळी लिंग तळहातावर घेतलं, विभूती लावली आणि बघत बसले. बघता बघता अंगठ्याला काहीतरी लागलं. कडेला नखाएवढा खळगा.

मला तो खळगा माहीत होता. मी शाळेत असताना अप्पांचं लिंग विहिरीवरच्या मोटारीच्या लोखंडी पाइपावर आपटून त्याचा लेप तेवढ्यापुरता उडाला होता. अप्पा दिवसभर जेवले नव्हते. मठातल्या स्वामींनी पूजा करून तेच परत बांधायला सांगितलं होतं. रोज सकाळी त्यांच्या समोर बसून मी तो खळगा पाहिलेला. अंगठा नेमका तिथं ठेवून ते बसायचे.

माझ्या गळ्यात अप्पांचं लिंग होतं. मग माझं कुठं होतं, हे कळायला वेळ लागला नाही. तरी मी ते मनात वाक्य करून म्हणेपर्यंत बराच वेळ गेला. पूजेच्या पाटावरून मला उठताच येईना.

आईला विचारलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं नाही. "गडबडीत झालं असंल. दोन्ही काळेच की."

मी स्वामींकडे गेले. ते म्हातारे, सौम्य. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. "मातीत दिलेलं मागं घेत न्हाईत, बाळ," ते म्हणाले. "समाधी उकरायची न्हाई. तुला नवीन बांधतो. पण आधी मला सांग, तुला काही व्हायलंय का?"

मी हाताचं सांगितलं. त्यांनी माझा डावा तळहात आपल्या हातात घेतला आणि लगेच सोडला. "लवकर ये," एवढंच म्हणाले.

मी गेले नाही. गेले ती शेतात, भर दुपारी, ज्या वेळी आमच्याकडे बाईमाणसाला एकटं रानात जाऊ देत नाहीत. उन्हाळ्यात काळं रान तडकतं. भेगा अशा पडतात की वासराचा पाय जाऊन मोडावा. अप्पांच्या समाधीच्या कट्ट्याखालूनच एक भेग निघून बांधापर्यंत गेली होती. तोंड वीतभर, आत अंधार. भेगांमधून खालचा गारवा वर येतो, याचं कारण मी परीक्षेत आकृती काढून लिहिलेलं आहे, आणि गुणही चांगले मिळालेत.

मी खाली बसले आणि डावा हात भेगेत घातला. कोपरापर्यंत गेला. गार लागायला हवं होतं. हात ऊब धरायला लागला. आधी बोटं, मग तळवा, मग ती मधली वाटोळी जागा, जी कित्येक महिन्यांत उबदार झाली नव्हती. मला फार बरं वाटलं, तेच भयंकर होतं. थंडीत अप्पा माझे हात आपल्या हातात घेऊन चोळायचे, तसं वाटलं. आता बाहेर काढला नाही तर मी इथंच बसून राहीन, हे मला स्वच्छ कळलं. कसा काढला माहीत नाही. कातडी सोलवटली. घरी आईनं त्यावर हळद लावली, कुठं लागलं हे विचारलं नाही.

जुलैत निकाल आला. नमुन्यात काहीही वाढलं नव्हतं. डाग म्हणजे जुना वण, प्रमाणपत्र मिळालं. ऑगस्टच्या शेवटी व्हिसाही आला. मी ओरडतच आत गेले. आई वाती वळत होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी दारातच थांबले. ती उठली, चप्पल न घालता मागच्या दारानं निघून गेली.

थोड्या वेळानं मी शोधत गेले. सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं, भेगा बुजल्या होत्या. आई समाधीसमोर मांडी घालून बसली होती आणि बोलत होती. हळू नव्हे. घरात अप्पांना बोलायची त्याच पट्टीत.

"हातात दिली व्हती की तुमच्या. येवढं येक धराया सांगितलं. जन्मात कदी काय धरून ठिवलंत म्हणून आता ठिवाल? बैल सुटला, जमीन सुटली, आता हीबी."

मी बांधावरच बसले. तिला चाहूल लागली, पण ती दचकली नाही. "ये," म्हणाली. "ऐकलीस न्हवं. बरं झालं."

"कामून केलीस, आई?"

"हे व्हते तवापासनं तू जाणार म्हणायलीस. हे तर गेलेच. स्वामींनी लिंग मागितलं तवा माझ्या पदरात दोन्ही व्हते. कुठलं कुणाचं, मला ठाव व्हतं." ती समाधीवरचं गवत उपटत राहिली. "वाटलं, ह्यांच्या हातात देवावं. हे सोडायचे न्हाईत."

मला इतका राग कधी आला नव्हता. "तू मला पुरलीस, आई. जित्तेपणी पुरलीस."

"पुरलं न्हाई गं. बापाच्या हातात दिली."

मला उठून जायचं होतं. व्हिसाच्या भरवशावर आधीच काढलेलं विमान परवाचं होतं, बॅग उघडी पडली होती, आणि हक्कानं चिडायला याहून मोठं कारण कुणाला मिळत नाही. तरी मी उठले नाही, कारण ती रडत नव्हती. माझी आई रडली असती तर मी नक्की गेले असते.

"तिकडनं यायला किती येळ लागतो?" तिनं विचारलं.

"सांगितलंय की. विमान, मग हैद्राबादहून गाडी. दीड दिवस. तिकीट मिळालं तर."

तिनं मान हलवली. हाताला लागलेली माती पदराला पुसली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"माझ्या येळंला माझ्या हातात लिंग तूच द्यायचं," ती म्हणाली. "तवर मला बसवून ठिवतील का गं?"