वढवाणा तलाव आणि न पेटणारा मधला ठिपका

वढवाण्याला जायचं ठरलं ते एका भांडणातून.

दिवाळीत बाबांनी बडोद्यातल्या अलकापुरीच्या दुकानातून लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा घेतला. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी आयुष्यभर सुट्या भागांची मापं तपासली, केसाएवढा फरक कधी चालवून घेतला नाही. रोलच्या जमान्यात आमच्या घरातले सगळे फोटो त्यांनीच काढलेले, आणि त्यातला एकही हललेला नाही. तोच माणूस नव्या कॅमेऱ्यातून काय काढायला लागला? आईच्या हळदीकुंकवाचे फोटो. त्यात डावीकडच्या पडद्याची शिवण मोजून घ्यावी इतकी स्वच्छ, आणि मधोमध बसलेल्या सगळ्या बायका धुरकट! आईच्या मैत्रिणी अजून विचारतात, आमचे फोटो कधी देणार म्हणून.

मी सांगून सांगून थकले. फोकसचे ठिपके समजून घ्या, मॅन्युअल वाचा. ते वाचायचे, पेन्सिलीने खुणा करायचे, आणि पुन्हा तेच. शेवटी एका संध्याकाळी माझा आवाज चढला तेव्हा त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि म्हणाले, "माझ्या हाताला नाही बसत हा. पुण्याला तुझ्या ताईच्या नवऱ्याला देऊन टाकतो."

मला हे ऐकवेना. तीस वर्षं ज्याने घरातला प्रत्येक वाढदिवस टिपला, तो माणूस एका यंत्रापुढे हार मानणार? म्हटलं, रविवारी वढवाण्याला जाऊ. पक्षी आहेत, उजेड आहे, घाई नाही. तिथे नाही जमलं तर खुशाल द्या.

फेब्रुवारीचा पहिला रविवार. घरून, गोत्रीहून, पहाटे साडेपाचला आमची जुनी मारुती काढली. गाडी मी चालवत होते, बाबा शेजारी, मांडीवर कॅमेरा आणि त्यावर मॅन्युअल. आईने बाजरी-मेथीची ढेबरं आणि कैरीचा गोड छुंदा बांधून दिला होता. "दोघं भांडू नका" हेही बांधूनच दिलं होतं. प्रतापनगरचा पूल ओलांडला की डभोईचा रस्ता लागतो. तीसेक किलोमीटर, रस्ता बरा आहे, पण ऊस आणि कापसाच्या ट्रॅक्टरांना मागे दिवा नसतो, तेव्हा उजाडेपर्यंत जपून. डभोईच्या पुढे अजून तेवढ्याच वेळाचा रस्ता, कारण तो बारीक होत जातो. पाट्यांवर विसंबू नका, विचारत जा. जाऊन-येऊन चारशे रुपयांच्या आसपास पेट्रोल लागलं. तलावावर खायला काही मिळत नाही, पाणीसुद्धा घरून न्या.

वढवाणा हा संस्थानाच्या काळात शेतीसाठी बांधलेला तलाव. मातीच्या लांब बांधावर चढलो आणि समोरचं पाणी दिसायच्या आधी आवाज ऐकू आला. हजारो पक्षी एकदम बोलत होते. पाण्यावर धुकं होतं, त्यात बदकांचे काळे पुंजके, आणि काठाजवळ, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले करडे हंस. हिमालय ओलांडून येतात हे. मी बराच वेळ नुसती उभी राहिले.

बांधावर ईश्वरभाई भेटले. जवळच्या गावचे, पक्षी दाखवणं हेच त्यांचं हिवाळ्यातलं काम. "काका, आ बाजू आवो. राजहंस एकदम नजीक छे," म्हणून ते आम्हाला वेताच्या झुडपांआड घेऊन गेले.

ज्यांनी असा कॅमेरा नुकताच घेतलाय त्यांच्यासाठी इथे थोडं थांबते. डोळा लावायच्या खिडकीत नऊ ठिपके दिसतात. सगळं कॅमेऱ्यावर सोडलं तर तो त्यातला हवा तो ठिपका घेतो, आणि बहुतेक वेळा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो. मग झुडूप छान येतं आणि मागचा हंस पुसट. म्हणून ठिपका आपण निवडायचा. मागे उजव्या कोपऱ्यात एक बटण असतं, ते दाबून बाणांनी ठिपका सरकवायचा. सुरुवातीला मधलाच ठेवा. तो हंसाच्या डोळ्यावर आणा, फोटोचं बटण अर्धं दाबा, ठिपका लाल पेटतो, बीप वाजतं, मग पूर्ण दाबा. झालं.

हे सगळं मी बाबांना सांगितलं आणि मधला ठिपका लावून कॅमेरा हातात दिला.

"अर्धं दाबलं," बाबा म्हणाले. "पण लाल होत नाही."

"बीप वाजलं ना?"

"वाजलं. पेटलं नाही."

मी घेऊन बघितलं. पेटत होता की! परत दिला. परत तेच. शिवाय हंस मध्ये घ्यायचा सोडून फोटोत भलतीकडेच. मध्ये नुसतं पाणी!

"बाबा, मध्ये म्हणजे मध्ये! तुम्ही लक्षच देत नाही."

ईश्वरभाईंनी तोंड फिरवून पाण्याकडे बघितलं. परक्या माणसासमोर मी बाबांवर ओरडले होते.  बाबा थोडे दूर जाऊन दगडावर बसले आणि आपल्या पद्धतीने बटणं दाबत राहिले.

पंधरा मिनिटांनी त्यांनी कॅमेरा माझ्यापुढे धरला. "हे बघ. हे चालतील?"

मी एकेक फोटो पुढे करत गेले. हंसाची चोच, चोचीवरचा पाण्याचा थेंब, पिसाची कड, सगळं लख्ख. फक्त प्रत्येक फोटोत हंस अगदी डाव्या काठाला. कॅमेऱ्याने फोकस कुठे धरला ते फोटोवर लाल चौकोनात दिसतं; तो चौकोनही प्रत्येक वेळी सगळ्यात डावीकडचा.

"अहो सुंदर आलेत! पण सगळे डावीकडेच का?"

"तो ठिपका दिसतो म्हणून."

"आणि मधला?"

"मध्ये धुकं आहे ना. दिवाळीपासूनच आहे. आत ओल, भेज शिरली असणार, दुकानात दाखवायला पाहिजे."

मी लेन्स पुसली. मागची काच ओढणीने पुसली. स्वतः डोळा लावला. मला कुठेही धुकं दिसेना. पाण्यावरचं धुकंसुद्धा एव्हाना उन्हाने विरलं होतं.

"बाबा, डावा डोळा लावून बघा बरं."

"डावा? नाक मध्ये येतं." हसत हसत त्यांनी कॅमेरा डावीकडे सरकवला, माझ्याकडे वळवला आणि ओरडलेच, "अरे! पेटला की! लाल! पुसल्यावर बरा झाला, बघ!" आणि खूश होऊन खटकन बटण दाबलं.

पुसल्याने बरा झाला नव्हता, हे मला तोवर कळलं होतं. म्हटलं, आता परत उजवा.

त्यांनी उजवा लावला. मग कॅमेरा खाली घेतला. हाताने एक डोळा झाकला, मग दुसरा. ईश्वरभाई वीस पावलांवर उभे होते. बाबा त्यांच्याकडे बघत अगदी शांतपणे म्हणाले, "माधवी, उजव्या डोळ्याने बघितलं तर ईश्वरभाईंना डोकंच नाहीये."

"शुं थयुं, काका?" ईश्वरभाई जवळ आले.

"काही नाही, भाई. कॅमेरा बराबर छे," बाबा म्हणाले.

मला गाडी तडक बडोद्याला पळवायची होती. बाबा म्हणाले, "रविवारी कुठला डॉक्टर बसलाय? शांतीने चल." मग ठरल्याप्रमाणे डभोईला थांबलो. फाफडा, कढी, सोबत कच्च्या पपईचा किसून परतलेला संभारो, दोघांचे मिळून साठ रुपये. बाबांनी चवीने खाल्लं, माझी ताटली तशीच राहिली. नंतर हिरा भागोळ बघितली. किल्ल्याचा तो दरवाजा चुकवू नका. दगडात इतकं बारीक कोरलंय की मान दुखेपर्यंत वर बघावं. बाबांनी डाव्या डोळ्याने तासभर फोटो काढले. परतीच्या रस्त्यात ते एक डोळा झाकून मैलाचे दगड वाचत होते.

"दोन्ही डोळे उघडे असले की कळतच नाही ग," ते म्हणाले. "डावा सांभाळून घेतो. वर्कशॉपमध्ये आम्ही माप घ्यायच्या आधी मापाचं हत्यार तपासायचो. हे नाही तपासलं."

मी तरी कुठे तपासलं होतं? तीन महिने मी त्यांना बेफिकीर समजत होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि ते मी त्यांना गाडीत सांगितलं. ते म्हणाले, "समोर बघून चालव."

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध सूज आणि रक्त दाखवलं. वयाने होतं म्हणाले. डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची, त्याने वाढणं थांबेल. गेलेलं बरंचसं परत येणार नाही. डावा डोळा चांगला आहे, त्यावर लक्ष ठेवायचं.

"कधीपासून दिसत नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीपासून. मला वाटलं, कॅमेऱ्यात दोष आहे."

"तेव्हाच आला असतात तर पुष्कळ वाचवता आलं असतं," डॉक्टर कागदावर लिहीत म्हणाले. बाबांनी मान हलवली. मी त्यांच्या मागे उभी होते. ते तीन महिने मी त्यांना मॅन्युअल वाचायला लावलं होतं.

आता तिसरं इंजेक्शन झालंय. वाढ थांबली आहे. कॅमेरा पुण्याला गेला नाही. बाबा डाव्या डोळ्याने फोटो काढतात, मधल्या ठिपक्याने, आणि स्क्रीनवर नाकाचे डाग पाडतात. वढवाण्याला मार्चच्या आत जा, पक्षी नंतर निघून जातात. कॅमेरा हातात घेतलाच असेल तर एकदा दुसराही डोळा लावून बघा, आणि घरातल्या मोठ्यांनाही लावायला सांगा.

त्या दिवसाचे हंस बाबांनी लॅबमधून छापून आणले नाहीत. एकच फोटो मोठा करून आणला आणि दिवाणखान्यात लावला: बांधावर कॅमेऱ्याकडे बघणारी मी. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगतात, "माझा पहिला बरोबर फोकस. पापण्या मोजून घ्या." खरंच मोजता येतात. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, अगं, यात तू एवढी घाबरलेली का दिसतेस? मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "ऊन डोळ्यांवर येत होतं तिच्या." मी तिथे उन्हाकडे पाठ करून उभी आहे, आणि ते फोटोत स्पष्ट दिसतं.