रावकाकांचा ळ

बँकेत सकाळच्या रांगेला तोंड देत होते तेव्हा शेजारच्या कमळाकाकूंचा फोन आला. "वंदनाम्मा, हे उठेनात," एवढंच त्या म्हणाल्या. मी निघाले. टी. नगरच्या गर्दीत ऑटो अडकली आणि तिथे बसल्या बसल्या डोक्यात आले ते रविवार. लागोपाठ तीन रविवार मी रावकाकांना "पुढच्या रविवारी नक्की" म्हटलं होतं. खोटं बोलत नव्हते, थकले होते. आठवडाभर बँक केल्यावर रविवारी पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसवत नव्हतं... घरी पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. मी बदली होऊन चेन्नईला आले तेव्हा समोरच्या दारावर देवनागरी पाटी बघून चक्रावले होते. रघुनाथराव, म्हणजे आमचे रावकाका, तंजावरकडचे मराठी. त्यांची मराठी माझ्या पणजीला कळली असती, मला कळायला महिना गेला. संरक्षण खात्याच्या कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते, पण तिथे सगळे ओळखायचे ते 'हिंदी बोर्डवाले राव' म्हणून. पाट्यांवर तमिळ आणि इंग्रजीसोबत हिंदी लागायची आणि देवनागरी वळणदार लिहिणारा माणूस अख्ख्या कारखान्यात एकच. 'सावधान', 'प्रवेश निषेध', 'शौचालय'... तीस वर्षं ब्रशने रंगवलं. पुढे प्लास्टिकच्या छापील पाट्या आल्या आणि ब्रशच्या पाट्या भंगारात गेल्या. तक्रार त्यांनी कधी केली नाही. फक्त अक्षरांची एक नमुना-वही घरी आणून ठेवली होती.

यंदा त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. निमंत्रणपत्रिका आपल्याच अक्षरांत छापायची, असं त्यांनी ठरवलं. प्रेसवाल्याने सांगितलं, फॉन्ट करून आणा. म्हणून एका रविवारी चार वाजता मला बोलावणं आलं. अक्षरं बनवायचा मोफत प्रोग्रॅम मी उतरवून घेतला. इन्स्टॉल करायला गेले तर विंडोजने निळी चौकट दाखवून धोक्याची सूचना दिली. रावकाका खुर्चीसकट मागे सरले.

"अगे, फुकट देतात म्हणजे आंत काय तरी असेल की!"

"काही नसतं काका. अनोळखी प्रोग्रॅम दिसला की ते असंच विचारतं."

"बँकवाली सांगते म्हणजे सरी," असं म्हणून त्यांनी परवानगी दिली.

इन्स्टॉल झाला, पण उघडेना. काढला, परत घातला. तासाभराने उलगडा झाला. नवा कॉम्प्युटर आला तेव्हा काकांनी हौसेने आपलं नाव देवनागरीत टाकलं होतं. विंडोजने त्या नावाचंच फोल्डर केलं होतं आणि या प्रोग्रॅमला इंग्रजीखेरीज दुसऱ्या लिपीतलं फोल्डर चालत नव्हतं. नाव बदलून पाहिलं, पण फोल्डर काही बदललं नाही. शेवटी म्हटलं, इंग्रजी नावाचं दुसरं खातं उघडू.

"देवनागरी अक्षरं करायला बसलों," काका म्हणाले, "आणि माझ्याच घरांत माझं नांव चालत नाही?"

आतून काकू म्हणाल्या, "तीस वर्षं दुसऱ्यांच्या पाट्या केल्या ना? आतां एक इंग्लिश पाटी आपली करा."

काका हसले नाहीत, पण नवं खातं उघडू दिलं. त्यानंतर कॉम्प्युटर लावला की पडद्यावर दोन नावं यायची, वर 'रघुनाथराव' आणि खाली 'RAO'. खालच्यावर बोट ठेवताना ते दर वेळी घसा खाकरायचे.

काम मात्र ते झपाट्याने शिकले. वहीतल्या अक्षराचा फोटो मागे ठेवायचा आणि कडेने बिंदू टाकत रेघ ओढायची. मी एका अक्षराला तीस-तीस बिंदू टाकायची, ते दहात भागवायचे. "ब्रश कोठें वळला तेवढंच धर. बाकीची रेघ आपण येते." पाच महिन्यांत वही संपली आणि घोडं अडलं ते ळ पाशी. हिंदी पाट्यांना ळ लागत नाही, म्हणून वहीत तो नव्हताच. आणि पत्रिकेवर तर 'सौ. कमळाबाई' हवं. काका नवीन रंगवायला गेले तर ब्रश पूर्वीसारखा वळेना. शेवटच्या वेळी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "ळ बसेना. तूं ये, दोघं बसूं." मी म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की.

तेराव्याचं पत्र त्यांच्या अक्षरांत असावं, असं त्यांच्या मुलीला वाटलं. फॉन्ट मी तयार केला आणि मजकूर टाइप केला. ळ ची चौकट रिकामी होती, तेव्हा तिथे कॉम्प्युटरने दुसऱ्याच फॉन्टचा ळ उचलून बसवला, बारीक आणि नीटनेटका. छापलेलं पत्र काकूंनी चष्मा लावून पाहिलं.

"हा ह्यांचा नव्हे."

"नाही काकू. तो राहिला."

"असूं दे. माझं नांव त्यांनी जन्मांत घेतलं नाही. 'अगे'वरच अस्कं आयुष्य झालं." मग आत गेल्या आणि वहीचं शेवटचं पान घेऊन आल्या. पानभर ळ होते, आणि एकूण एक ळ काट मारलेला. "ह्यांतला एक घेशील?"

कॉम्प्युटर अजून तिथेच आहे. आता दर रविवारी चार वाजता मी जाते. लावला की दोन नावं येतात. मी खालचं निवडते. एका ळ वरची काट त्यातल्या त्यात फिकी आहे. त्याचा फोटो मागे ठेवते आणि काट वगळून कडेने बिंदू टाकते. हे चौथ्यांदा. काल सतरा बिंदूंत आला. डावी वाटी अजून फुगलेली दिसते. तीन-चार बिंदू काढून टाकायचे आहेत, पण ब्रश कुठे वळला ते मला दिसत नाही...