लाळेचा नमुना आणि आदल्या दिवशीची सुट्टी

आमच्या आटपाडीच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळे सांगलीच्या कॉलेजात मॅडमनी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला निवडलं, तेव्हा त्यांचे उपकार कसे फेडावेत असं झालं होतं. काम सोपं वाटलं. साताऱ्याजवळच्या एका भरती प्रशिक्षण केंद्रातल्या मुलींची लाळ दर पंधरा दिवसांनी गोळा करायची आणि पळण्याचा ताण वाढला की तिच्यातली रोगाशी लढणारी प्रथिनं घटतात का, ते बघायचं.

ती घटतच नव्हती. मुली मात्र सर्दी-खोकल्यानं बेजार. त्यातल्या एकीचा घसा महिनाभर धरलेला आणि पोलीस भरतीची मैदानी चाचणी नऊ दिवसांवर आलेली. तुझा अहवाल चांगला आहे, असं मी तिला सांगून बसले होते.

त्या सकाळी नळ्यांवर चिठ्ठ्या लावताना मी सहज विचारलं, "काल किती पळालात?"

"काल सुट्टी. तुमी येणार असला की आदल्या दिवशी सुट्टीच असती, ताई," तीच मुलगी म्हणाली.

केंद्र चालवणारे मेजर फौजेतून निवृत्त झालेले. मी त्यांना गाठलं.

"आवं, पाव्हणं येणार म्हटल्यावर पोरी तरतरीत दिसाय नकोत व्हय?"

रागवायचं कुणावर? 'काल काय केलं' हा रकाना माझ्याच वहीत नव्हता.

मुलीला खरं सांगितलं: नमुने सुट्टीनंतरचे, म्हणून तुझ्या चांगल्या अहवालावर भरवसा ठेवता येत नाही. ती हसली. "म्हंजी आराम केला की बरं वाटतंय, एवढंच ना? ते आमच्या आयेलाबी म्हाईत हाय." मग हसू ओसरलं. "पर आज पळू का नको?"

मेजर म्हणाले, "पळवली न्हाई तर मागं पडंल, पळवली तर आजारी पडंल. किती पळवू, ते आकड्यात सांगा."

आकडे वहीभर होते, हा एक नव्हता. एका दिवसाच्या सुट्टीनं प्रथिनं भरून आली होती, की मुळात घटलीच नव्हती? मॅडमना फोन केला. "नमुने सुट्टीनंतरचे आहेत, तसं लिहून ठेव," त्या म्हणाल्या. लिहायचं काय ते कळलं. सांगायचं काय, ते नाही.

"आज नको पळू," मी म्हटलं.

ती मैदानाच्या कडेला बसली. बाकीच्यांची पहिली फेरी समोरून गेली.

"ताई, तुमाला नक्की म्हाईत हाय ना?"

"नाही."

तिनं बुटाची नाडी सोडली, पण बूट काढला नाही.