व्याह्यांचा झोपलेला कंप्यूटर

कंप्यूटरची सगळी भोकं सारखीच, असं मी एके काळी समजत होते. तेव्हा मी जेमतेम अडुसष्टची पोर! महिला मंडळाच्या कंप्यूटर वर्गात पहिली आलेली, त्यामुळे अक्कल जरा उतूच चालली होती. भिवंडीच्या टेमघरला, लेकीच्या सासरी, मोबाइल चार्ज करायला मी व्याह्यांच्या कंप्यूटरची एक वायर उपटली आणि नंतर ऐटीत शेजारच्या भोकात खुपसली.

आता हे व्याही. सोपं काम अवघड करून दाखवण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या भिवंडीत सापडायचा नाही. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात जन्म गेला, कानही गेले. पण बोलतात असे, की जणू जगच बहिरं आहे. म्हातारपणी लोक गणेशपुरीच्या गरम कुंडात पाय सोडून बसतात. ह्यांनी कंप्यूटरवर फुकटातली सिस्टिम चढवली आणि तिचं कर्नेल, म्हणजे कंप्यूटरच्या पोटातला मुख्य कारभारी, सारखं बदलत बसायचा नाद लावून घेतला.

विहीणबाई मांडीचं हाड मोडून खाटेला खिळल्या. हाक ह्यांना ऐकू जाईना. दुसऱ्या कुणी बाहेर खुणेचा दिवा बसवला असता. ह्यांनी खाटेशी यूएसबीचं बटण दिलं. ते दाबलं, की बाहेरच्या खोलीतला झोपलेला कंप्यूटर जागा होणार आणि काळ्या पडद्यावर भलंमोठं ‘ये’ उमटणार.

“व्याही, भिवंडीत बल्ब मिळत नाहीत का?” मी ओरडले.

“बल्ब ‘ये’ म्हणतो का?”

माझ्या कर्तबगारीनंतर ते ‘ये’ उमटेनासं झालं. विहीणबाई पाण्यासाठी बटण दाबून दमल्या, कंप्यूटर ढिम्म. व्याही पांढरेफटक पडले. नेमकं त्याच सकाळी त्यांनी नवं कर्नेल घातलं होतं. “कर्नेलमधीच घोळ हाय!” गल्लीभर ऐकू गेलं. जुनं घातलं, त्याआधीचं घातलं, परदेशातल्या कुणाकुणाला निरोप धाडले. शेवटी कंप्यूटरचं सगळं बिऱ्हाड विहीणबाईंच्या उशाशी हलवलं, तेही प्रत्येक वायर होती त्याच भोकात लावून. इतका काटेकोरपणा!

“दाब गो!”

“दाबलं!”

“जोरात!”

“अहो, बटण आहे, लूम नाही!”

स्वतःला ऐकू येत नाही आणि कंप्यूटरचे कान तपासतायत, म्हणून मी दारात फिदीफिदी हसत होते.

एका दुपारी त्यांनी शोध लावला, की कंप्यूटर झोपल्यावर बटणाची वायर असलेल्या भोकाची वीजच बंद पडते; शेजारच्याची चालू राहते. “पण वायर हलवली कुणी?”

“मी,” मी पुटपुटले.

“आँ?”

ते पाप मला तीनदा ओरडून कबूल करावं लागलं. समोरच्या गॅलरीतल्या बाईनेही ऐकलं. व्याही रागावले नाहीत. कर्नेल निर्दोष सुटलं ह्याचाच त्यांना आनंद! वायर पुन्हा पहिल्या भोकात लावली, कंप्यूटर उचलला आणि पुन्हा बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. ‘ये’ उमटलं. तिथूनच विजयी आरोळी आली.

विहीणबाई हातातल्या बटणाकडे बघत राहिल्या. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, “विहीणबाई, मोबाइल चार्ज करायला पुन्हा या हं कधीतरी. तेवढे दिवस हे माझ्या उशाशी बसून होते.”