रेघ न मारलेला दगड

ब्रश दातांत धरून बोलायची. चहा घेताना पाठ फिरवून बसायची. कुणी हाक मारली की आधी "काय बिघडलं?" विचारायची. दुकानांच्या पाट्या वाचत चालायची आणि वाकडं अक्षर दिसलं की लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ सगळ्यात शेवटी ओढायची. आधी अक्षरं, मग चार पावलं मागे सरून मजकूर वाचायचा. तो बरोबर असला तरच रेघ. रेघ म्हणजे माझी सही, असं म्हणायची.

पाट्या रंगवायची, म्हणून सगळे तिला रंगारीण म्हणत. आमच्या वयांत मायलेकींइतकं अंतर. तरी मैत्री होती. म्हणजे ती मला टाकून बोलायची आणि मी उठून जायची नाही. मी साहित्यात पदवी घेतली हे कळल्यावर तिने एवढंच विचारलं, आता पोट कशाने भरणार.

नवऱ्याच्या मागे ती दिराच्या हॉटेलमागच्या खोलीत राहायची. दोघांतून विस्तव जात नव्हता. ती त्याला भाऊजी म्हणायची, अहो-जाहो करायची. त्यात असा विखार असायचा की शिवी परवडली.

हॉटेलच्या पुढे, वळणावर, मोजणीचा दगड होता. फार पूर्वी या मुलखाचा पहिला नकाशा करायला निघालेलं पथक तिथून डोंगरात शिरलं. तेवढंच त्यावर कोरलेलं, आणि खाली त्यांची वाट दाखवणारा बाण. दर वर्षी त्या खाचांत काळा रंग ती भरायची. तिच्याआधी तिचा सासरा भरायचा.

रस्ता रुंद झाला आणि दगड उपटला गेला. दिराने मुकादमाला गाठून तो आपल्या हॉटेलसमोर रोवून घेतला. लोक फोटोला थांबतील, चहाला बसतील. अक्षरं गिऱ्हाइकांकडे यावीत म्हणून दगड फिरवला. बाणाकडे कुणी पाहिलं नाही. तो थेट हॉटेलच्या मुतारीकडे गेला. ट्रकवाले तिकडून परत येताना विचारू लागले, पथक आत किती दिवस होतं?

दीर चिडला. मोजणीच्या त्या प्रवासाचा सोहळा जवळ आला होता, खात्याचे साहेब येणार होते. त्याने तिला बजावलं, अक्षरं रंगवा आणि बाण सिमेंटने बुजवा.

तिने अक्षरं भरली. बाण तर ठसठशीत भरला. रेघेची खाच मात्र कोरडी ठेवली. दगडभर बोडकी अक्षरं.

साहेबांनी हार हातात धरूनच विचारलं, काम अर्धवट का? वहिनी आजारी आहेत, असं दिराने सांगितलं. ती मागेच उभी होती.

"मी ठणठणीत आहे. दगड जागेवर न्या, रेघ मारते."

"वहिनी, चार लोकांत तमाशा नको."

"चार लोकांतच सांगतेय, भाऊजी. घरात सांगितलं तेव्हा तुम्ही कपबशा विसळत होता."

साहेब हसले. दगडाला हार घातला आणि गाडीत बसले. दगड आता हलणार नाही, हे तेवढ्यात सगळ्यांना कळलं.

संध्याकाळी दिराने तिची ट्रंक बाहेर ठेवली. जाऊ दारात उभी होती, मधे पडली नाही. मी ट्रंक उचलायला गेले तर रंगारीण माझ्यावरच खेकसली.

"पदवी घेतलीस ना? मग हमाली कशाला करतेस?"

ट्रंक तिने स्वतः उचलली. रंगाचा डबा नेला नाही. दगडाशेजारच्या कट्ट्यावर ठेवला.

"याला हात लावू नकोस. दगड जागेवर गेला की मी येणार आहे."

ती बहिणीकडे गेली. तिथेच झोपेत गेली. बहिणीचा फोन मला आला. दिराला सांगायला मीच गेले. तो टेबल पुसत होता. पुसणं थांबलं नाही.

"आता ती रेघ कोण मारणार?" तो म्हणाला.

दगड तिथेच आहे. बाण मुतारीकडे. कट्ट्यावरच्या डब्यात रंगावर जाड साय धरली आहे आणि ब्रश तिच्यात रुतून बसला आहे. अक्षरांवरची खाच अजून कोरडी आहे.